हळदीची पाच बोटं

"डबाले हात नको लाऊ. आते घाई शे," भटू बायकोला म्हणाला आणि त्यानं चिकट रेझिनमध्ये ब्रश बुडवला.

घाई होतीच. हार्डनर मिसळल्यापासून डबा हाताला गरम लागायला लागला होता आणि बमरोलीच्या त्या बोळात पत्र्यातून ऊन खाली उतरत होतं. रेझिन एकदा का घट्ट झालं की मग ते ब्रह्मदेवाचंही ऐकत नाही. पत्र्याखाली दोन लाकडी घोड्यांवर होडी पालथी घातलेली. तिच्यावर फायबरचं पांढरं कापड अंथरलेलं. दाराशी त्याची बायको प्रमिलाबाई नाकाला पदर लावून उभी होती. वासानं अर्धी गल्ली खोकत होती.

भटूचा सगळा जन्म उधन्याच्या लूमवर कापड विणण्यात गेला. पण मूळचा तो धुळ्याकडच्या सुताराचा मुलगा. हातातलं लाकूड सुटलं तरी हात लाकूड विसरला नाही, असं तो स्वतःच सांगायचा. तरीही होडी काही त्याच्या बापानंही कधी केली नव्हती. शेजारच्या भागीरथीबाईनं तर विचारलंच होतं, "भटूभाऊ, तापीनं पुराचा निरोप तुम्हालाच आधी धाडला का?" सगळे हसले. भटू हसला नाही.

त्याची मुलगी योगिता नर्स होती. नंदुरबारकडे उकाई धरणाच्या फुगवट्याकाठी तिची नेमणूक, आणि पलीकडच्या पाड्यांवर लसी घेऊन जायचं म्हणजे गावातल्या कुणाच्यातरी जुन्या होडीत बसायचं. फाल्गुनात त्या होडीत पाणी भरलं. काठ जवळ होता म्हणून बरं. लसीचा डबा डोक्यावर धरून गळ्याइतक्या पाण्यातून आले, असं तिनं फोनवर हसत हसत सांगितलं. तिला पोहता येत नव्हतं. भटूनं ते ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी तिच्यासाठी होडी करायला लाकूड आणलं.

फायबरचं काम त्याला शिकवलं मगनभाईनं. मगनभाईची टाक्या आणि दरवाजे बनवायची शेड होती. कापडही त्यानंच दिलं आणि बजावलं, "भटूभाई, कपडुं एकदम कोरुं जोईए. पाणी का एक टीपा भी गिरा, तो काम खलास." भटूनं ते घरी येऊन इतक्यांदा सांगितलं की प्रमिलाबाईनं त्या कापडाजवळ पाण्याचा तांब्याही नेला नाही.

आता तो मधून कडेकडे ब्रश ओढत होता. रेझिन मुरलं की कापड दिसेनासं होई आणि खालचं लाकूड ओल्या मातीसारखं गडद वर येई. जिथे पांढरं राहील तिथे हवा राहिली, हे त्याला माहीत होतं. तो प्रत्येक वीत डोळ्यांत तेल घालून बघत होता. चष्म्यावर घाम येत होता.

एका टोकाकडून सरकत होडीच्या मध्यावर आला आणि त्याचा हात थांबला. कापड नाहीसं झालं होतं, पण तिथे लाकूड आलं नव्हतं. पिवळी बोटं आली होती. पाच, शेजारी शेजारी. त्यांच्या कडेनं पांढरट फुगवटे धरायला लागले होते.

"हाई काय शे?" त्यानं विचारलं.

प्रमिलाबाई जवळ आली. "हयद शे," ती म्हणाली. "नवं कापड शे ते. हयद लायाबिगर कसं वापरतस? पोर जठे बसी, बराबर तठेच लायी."

"कशामा कालवी?"

"तेलमा." तिचा आवाज खाली आला. "पानी लागू देऊ नको, अशे तुम्हीच सांगेल व्हतं. म्हनीसन तेलमा कालवी."

कापडावर तेलाचा डाग पडला की शेठ ताका परत करायचा, हे भटूला जन्मभर ठाऊक. लूमवर डाग दुरून ओळखणारा माणूस, आणि आज उलगडताना कापडाची दुसरी बाजू बघितली नाही. बायकोवर ओरडावं तर तिनं त्याचंच ऐकलं होतं. पोर बसेल, बरोबर तिथेच. डब्यातलं उरलेलं रेझिन घट्ट व्हायला लागलं होतं, म्हणून त्यानं तसंच पुढे काम रेटलं.

दुपार कलल्यावर मगनभाई आला. खिशातलं नाणं काढून होडीवर ठोकत गेला. सगळीकडे टक्क वाजत होतं. बोटांवर आला तेव्हा आवाज बसका, पोकळ झाला.

"अंदर पोलुं छे," तो म्हणाला. "तेल पर चिपकेगा नहीं. पाणी में महिना चलेगा, फिर उखडेगा. घसके निकालो. लकडा भी घसना पडेगा, तेल अंदर गया है. ऊपर नया टुकडा मारो."

गल्लीतल्या भाईदासचा टेम्पो होडी घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी नंदुरबारकडे निघणार होता. सोमवारी योगिताला पलीकडे जायचंच होतं. भटूनं खरकागद उचलला, पण हात होडीवर ठेवून तो नुसताच उभा राहिला. त्याला ती बोटं घासवेनात.

प्रमिलाबाईनं त्याच्या हातातून कागद घेतला.

"मी लायी, मीच काढसू," ती म्हणाली.

तिनं पदर नाकातोंडाला गुंडाळला आणि घासायला लागली. फायबरमधल्या काचेची भुकटी हाताला टोचत होती, तरी थांबली नाही. एकेक बोट फिकं होत गेलं. शेवटचं करंगळीचं राहिलं तेव्हा ती क्षणभर थांबली, भटूकडे न बघता. मग तेही गेलं. खाली पांढऱ्या भुकटीत पिवळी भुकटी पडली होती. तिनं ती फडक्यानं पुसून घेतली आणि बाजूला सरली. मग घासलेल्या जागेहून मोठा कापडाचा तुकडा भटूनं कापला, दोन्ही बाजूंनी उन्हात धरून पाहिला आणि लावला. ब्रश फिरला, कापड दिसेनासं झालं. खाली नुसतं लाकूड आलं.

सकाळी टेम्पो बोळाच्या तोंडाशी उभा असताना योगिताचा फोन आला.

"आप्पा, व्हयनी का होडी?"

"व्हयनी."

"माय कोठे शे? तिले दे." मग फोन आईच्या हातात गेल्यावर तिनं विचारलं, "माय, हयद लायी का होडीले?"

प्रमिलाबाईची बोटं रात्रभर खाजून लाल झाली होती. नखांच्या कडेला अजून पिवळं होतं.

"लायी," ती म्हणाली. "तू बसशी, तठेच लायी."

भटू होडीपाशी वाकला होता. हमाल थांबले होते तरी तो नाण्यानं त्याच एका जागेवर ठोकत होता. टक्क वाजत होतं. त्यानं पुन्हा ठोकलं.