वरचा मजला भाड्याने देणे आहे

पुण्याचं विमान साडेदहाला बंगळूरला उतरलं आणि पुढचं, कोइमतूरचं, साडेतीनला होतं. मधले पाच तास विमानतळावर पेपर वाचत बसणारे लोक असतात. मी त्यातला नाही. मुलीच्या बापाला बंगळुरात पाच तास फुकट मिळाले तर तो स्थळाची चौकशी करतो, आणि तीही न कळवता. कळवून गेलं की घर आवरलेलं दिसतं आणि माणसंही.

मुलगा गिरीराज. बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्यात इंजिनिअर. दोन महिन्यांपूर्वी काकाला घेऊन पुण्याला आला आणि माझ्या स्मृतीला बघून गेला. स्मृतीने त्याच संध्याकाळी सांगून टाकलं, "बाबा, मला पसंत आहे." मलाही तो वाईट वाटला नव्हता, पण पटकन पसंत पडणाऱ्या गोष्टींचा मला आधी राग येतो. त्याच्या घरचे स्वतःला मराठे म्हणवतात, तीनशे वर्षं कर्नाटकातच राहतात आणि आडनावाच्या जागी नुसतं 'राव' लावतात. का? मग त्याने स्मृतीला पत्र लिहिलं. ते मी आधी फोडून वाचलं, मग तिला दिलं आणि उत्तरही मीच पाठवलं: सतरा प्रश्न, नंबर घालून. स्मृतीने स्वतः लिहिलेलं उत्तर माझ्याकडे पोस्टात टाकायला दिलं होतं. तेही मी वाफेवर उघडून वाचलं, डिंकाने पुन्हा चिकटवलं आणि ब्रीफकेसमध्ये ठेवून दिलं. सतरा उत्तरं आली की टाकणार होतो. पाच आठवडे झाले, एकही आलं नाही. पोरगी रोज पोस्टमनची वाट बघत होती, आणि मी म्हणत होतो, कुठेतरी पाणी मुरतंय.

रिक्षावाला "जयनगर? सरी" म्हणाला, म्हणजे ठीक आहे, आणि निघाला. तो लांबून नेतोय अशी खात्री असल्यामुळे मी सगळी वळणं लक्षात ठेवली. त्यातलं एकही पुढे उपयोगी पडलं नाही.

घर सापडलं. दुमजली, बेताचं. गेटवर पाटी लटकत होती: वरचा मजला भाड्याने देणे आहे, इंग्रजीत आणि कन्नडमध्ये. माझ्या मनात पाल चुकचुकली. मुलाचं लग्न काढलंय आणि मजला भाड्याने देतात? सुनेला ठेवणार कुठे, माळ्यावर? पण आत शिरायला कारण मात्र आयतंच मिळालं.

साठीच्या एका बाईंनी दार उघडलं. हाताला पीठ होतं. मी हिंदीत घराची चौकशी केली. माझं हिंदी ऐकून त्या हसल्या.

"मराठी दिसताय, अण्णा. या की आत. मी सगुणाबाई."

मुलाची आई. ती पुण्याला आली नव्हती, त्यामुळे मला ओळखण्याचा प्रश्न नव्हता. "मी वासुदेव," मी ठोकून दिलं.

"मुलगा ड्यूटीला गेलाय. स्वल्प कॉफी घ्या, मग वर दाखवते."

कॉफी चांगली होती. मी ती संशयानेच प्यायलो. पिता पिता दाराशी चपलांचे जोड किती, भिंतीवर फोटो कुणाचे, कोपऱ्यात बाटली वगैरे दिसते का, सगळं पाहून घेतलं. काही सापडलं नाही, आणि त्यामुळेच मी जास्त सावध झालो.

वरच्या खोलीला नुकताच रंग दिला होता. एका भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत लाकडी फळ्या होत्या. नव्या, रिकाम्या, पॉलिशचा वास अजून येणाऱ्या.

"एवढ्या फळ्या कशाला, अक्का?"

"सुनेच्या पुस्तकांना. होणार होती ती. एम.ए. शिकते. हा बोलला, अम्मा, तिच्या घरी पुस्तकं खाटेखाली खोक्यात असतात, इथं तरी भिंतीला राहू देत."

आमच्या घरी स्मृतीची पुस्तकं खरंच खाटेखाली असतात. हा मुलगा अर्धा तास बसला होता आमच्याकडे. मी त्याच घरात वीस वर्षं राहतो आणि ते कधी पाहिलं नव्हतं.

"होणार होती म्हणजे?" मी विचारलं.

"पोरीच्या मनात नाही बहुतेक. ह्यानं तिला लिहिलं, तर उत्तर बापाचं आलं. सतरा प्रश्न. हा रात्र बसून सगळ्यांची उत्तरं लिहिला. मीच टाकू दिलं नाही. बाप विचारणारच, त्याचा राग नाही मला. पण पोरीचं एक अक्षर नको? मला कुणी न विचारता या घरात आणून बसवलं होतं, अण्णा. दुसरीला तसं नाही आणायचं. नकाराचं कार्ड लिहून ठेवलंय, संध्याकाळी टाकते. म्हणून तर पाटी लावली."

मला खूप लाज वाटली. मी गुन्हेगार शोधायला आलो होतो आणि तो ब्रीफकेस घेऊन उभा होता. मी ती उघडली आणि पाकीट त्यांच्यापुढे धरलं.

"मी वासुदेव नाही. नागनाथ. स्मृतीचा बाप."

त्यांनी पाकिटाच्या झाकणावरून बोट फिरवलं. डिंक वाळून पिवळा, खडबडीत झाला होता.

"वाचलंत?"

"हो."

"कधी लिहिलं होतं तिनं?"

"पाच आठवडे झाले."

त्यांनी ते उघडलं नाही. "ज्याचं त्यानं वाचावं," म्हणाल्या आणि रिकाम्या फळीवर नीट उभं करून ठेवलं. मी म्हटलं, मग ती पाटी काढून टाका.

"पोरीला ठाऊक आहे, हे तुमच्याकडे होतं ते?"

"नाही."

"मग आधी तिला सांगा. ती स्वतः बोलली माझ्याशी, की पाटी काढते." आणि त्यांनी शेजारच्या घरचा फोन नंबर कागदावर लिहून दिला.

विमानतळावर परत आलो तेव्हा माझ्या विमानाची घोषणा सुरू झाली होती. मी एसटीडी बूथमध्ये शिरलो. फोन स्मृतीनेच उचलला.

"पोचलात, बाबा? पोस्टमन आत्ताच गेला. आजही काही नाही."

सतरा प्रश्न लिहिताना मी कुठे अडलो नव्हतो. आता एक वाक्य निघेना.

"स्मृती, तुझं पत्र मी टाकलंच नव्हतं. आज दिलं, त्यांच्या घरी जाऊन."

ती म्हणाली, "वाचलंत?"

"हो."

तिने आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं. मी सगुणाबाईंचा निरोप सांगितला, नंबर सांगितला. तिने तो लिहून घेतला, वाचून दाखवला, आणि मी बरोबर म्हटल्यावरही थांबली.

"खरा नंबर आहे ना, बाबा?"