भोंगा आणि तळघरातली साखर

मित्रांनो, मी एक जुना, पोचा पडलेला भोंगा आहे. हसू नका! माझा आवाज एके काळी नदीपलीकडे जायचा, आणि दांड्याला तेल घातलंत तर आजही जाईल.

युद्धाच्या दिवसांत मला इस्त्रीवाल्या मावशीच्या गच्चीवर बसवलं. विमानं दिसली की मावशीने दांडा फिरवायचा आणि लोकांनी तळघर गाठायचं, असं ठरलं होतं. पण कचेरीतून हुकूम आला, भोंगा रोज दुपारी बाराला वाजवून पाहावा. झालं! पहिल्या दिवशी लोक घाबरले. महिन्याभरात माझ्यावर घड्याळं लावू लागले. समोरचे मास्तर तर मी ओरडलो की आरामखुर्चीत जांभई द्यायचे. माझा कसा जीव जळायचा म्हणून सांगू!

आणि एके दिवशी विमानं खरंच आली, तीही नेमकी बाराला. मावशी जिवाच्या आकांताने दांडा फिरवत होती, मी घसा फाडून ओरडत होतो, पण गल्लीतला एकही माणूस हलेना.

"मावशी, पुरे! कळलं, बारा वाजले!" मास्तर सज्ज्यातून ओरडले.

"अहो मास्तर, विमानं आलीत!"

"रोजच येतात तुमची!"

मावशीने कपाळावर हात मारला. मग दांडा सोडून कठड्याशी धावली आणि ओरडली, "तळघरात साखर वाटतायत होऽ! माणशी एक वाटी!"

दोन महिने बाजारात कोणी साखर पाहिली नव्हती. क्षणात गल्ली रिकामी! एका पायात चप्पल आणि हातात भलंमोठं पातेलं, असे मास्तर सगळ्यांच्या पुढे. मावशीने शेवटी आत शिरून दार लावलं, तोच समोर बॉम्ब पडला. मी गच्चीवरून थेट खालच्या पिंपावर आदळलो. हा पोचा तेव्हाचा.

लोक बाहेर आले ते सगळे धडधाकट आणि सगळे संतापलेले. "साखर कुठाय?" म्हणत मास्तरांनी पातेलं पुढे केलं आणि सहज वर पाहिलं. त्यांचा सज्जा आरामखुर्चीसकट गायब होता. पातेलं हातातून पडलं.

 घरातून स्वतःचा डबा आणून मावशीने प्रत्येकाच्या हातावर चिमूटभर साखर ठेवली. मास्तरांनी ती तोंडात टाकली आणि सगळ्यांदेखत रडले. मलाही फार भरून आलं.

आता मी शाळेच्या अडगळीत पडून असतो. मित्रांनो, मला अधूनमधून पुसा, पण गंमत म्हणून वाजवू नका. आणि कधी मी ओरडलोच, तर आधी पळा. साखर मागाहून मागा!