महिन्याची रनिंग

मांडणीवरच्या पेल्यात उभा ठेवलेला चमचा किणकिणला.

लाइट गेली होती, त्यामुळे मागच्या गल्लीतले यंत्रमाग बंद होते. आमच्या शनवारा मोहल्ल्यात शांतता येते ती लाइट गेल्यावरच. एरवी मागांची खटखट इतकी अंगवळणी पडलेली असते, की ती थांबली म्हणजे कान जागे होतात. चंदन माझ्या मांडीवर झोपला होता. चमचा पुन्हा वाजला, आधी अडखळत, मग बारीक एकसारखा. चंदनने डोळे न उघडताच सांगितलं, "पप्पा."

नंतर मलाही आवाज आला. रितेशची जुनी डिझेल गाडी गल्लीत वळून खाली उभी राहिली, की तिची थरथर आधी भिंतीत शिरते, भिंतीतून मांडणीत आणि मांडणीतून त्या चमच्यात. हॉर्न वाजवावाच लागत नाही. चंदन बोलायला लागला नव्हता, तेव्हापासून त्याला हा चमचा कळतो. पेल्यात चमचा ठेवायची माझी सवय सासूबाईंना मुळीच आवडत नाही, पण शनिवारी सकाळी मी विसरले तर त्या स्वतः ठेवतात, आणि आपण ठेवला असं कबूल करत नाहीत.

रितेश इंदूरजवळ पीथमपूरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. लग्नानंतर वर्षभरातच त्याला तिथे नोकरी लागली. शनिवारी पाळी संपली की सिमरोलचा घाट, मोरटक्क्याचा पूल, खंडवा, असीरगड, असं करत तो दुपार कलता कलता घरी येतो आणि रविवारी संध्याकाळी परत जातो. आमचा संसार म्हणजे तेवढाच. बाकीचे दिवस मी, चंदन आणि सासूबाई त्या एका दिवसाची तयारी करतो.

गाडी सासऱ्यांची. ते गेल्यावर रितेशने ती जपली, पण आता ती धूर सोडायची, तेल प्यायची. देवराम मिस्त्रीने मागच्या महिन्यात बॉनेट उघडलं आणि नुसतं हळूच बंद केलं. तेव्हाच आम्ही समजलो.

तर दुसरी घ्यायची. नवी नाही, वापरलेलीच. आणि तिथून आमचं भांडण सुरू झालं.

रितेशला हवी होती एक निळी डिझेल. कॉलेजात असल्यापासून त्याच्या मोबाइलच्या पडद्यावर तीच. दिसायला साधी, मागून आखूड, आपल्या गल्लीत सहज वळेल एवढी. पण इंजिन असं की मोठ्या गाड्यांनी बाजूला व्हावं. "हॉट हॅच म्हणतात हिला," तो सांगायचा, "घाटात ट्रकच्या मागे रांगत बसायला नको. पाय ठेवला की निघाली."

मला नेमकी त्याचीच भीती. मी म्हणायचे, "अहो, तुम्हाला निघायचंय की पोहोचायचंय?"

मला पेट्रोलची हवी होती. जुन्या डिझेलचं काही बिघडलं की खर्च मोठा, हे मी सगळ्यांना सांगायचे. खरं कारण सांगायचे नाही. दर शनिवारी दुपारी मी मनातल्या मनात त्याच्याबरोबर घाट उतरायचे, एकेक वळण घ्यायचे. पेट्रोलची साधी गाडी असली तर तो जरा सबुरीने येईल, असं वाटायचं. शिवाय मी लायसन्स काढलं होतं. शिकवणीची गाडी पेट्रोलचीच होती आणि तिचा क्लच माझ्या पायाचं ऐकायचा.

हे भांडण तीन-चार शनिवार चाललं. सासूबाई दोन्हीकडून बोलायच्या. मला म्हणायच्या, "घेऊ दे ना त्याला, पोरगा एवढा राबतो." त्याला म्हणायच्या, "बायकोचं ऐकत जाय. तुझा बाप माझं ऐकत नव्हता, म्हणून तं ही खटारा घरात आली."

त्या रविवारी सकाळी आम्ही चौघंही लालबाग रस्त्यावर लीलाधरभाऊंकडे गेलो. ते सासूबाईंच्या माहेरकडचे, वापरलेल्या गाड्या घेतात-विकतात. पत्र्याच्या शेडखाली गाड्या धुऊन ओळीने उभ्या होत्या. निळी डिझेल शेवटी होती, शेजारी एक पांढरी पेट्रोल.

रितेश सरळ निळीकडे गेला. खाली वाकून टायर पाहिले, उकिडवा बसून गाडीच्या पोटाखाली पाहिलं, दार उघडून कान लावून मिटवलं.

"बाप रे," सासूबाई प्लास्टिकच्या खुर्चीवर टेकत म्हणाल्या, "रंजिताला पाहायला गेला तवा एवढं नाही पाहिलं रे तू."

"तेव्हा तुम्ही सगळे मला पाहत होते, मी काय पाहणार?" तो म्हणाला. लीलाधरभाऊ मोठ्याने हसले. मीही हसले.

मग त्याने गाडी सुरू केली आणि मला शेजारी बसवलं. असीरगडच्या रस्त्यावर केळीच्या बागा संपेपर्यंत आम्ही गेलो. खरं सांगते, गाडी सुंदर होती. खोल, भरलेला आवाज. त्याने जरा पाय दाबला तर माझी पाठ सीटला चिकटली. मी त्याच्याकडे पाहिलं. कॉलेजातला मुलगा बसला होता तिथे, लग्नाआधी माझ्या माहेरच्या गल्लीच्या टोकाशी उगाच उभा राहायचा तो. मला वाटलं, घेऊ देत. मी घाबरेन दर शनिवारी, काय व्हायचं ते होवो. परत आल्यावर 'घ्या' म्हणायचं, असं मी मनाशी ठरवलं.

परत येताना तो हळू चालवत होता. शेडमध्ये गाडी उभी केल्यावर लगेच उतरलाही नाही. स्टेअरिंगवर हात ठेवून बसून राहिला.

लीलाधरभाऊ खिडकीशी आले. "देखो भाऊ, ही घ्या का ती घ्या, मी नाही सांगणार. मी सगळ्यांना एकच विचारतो. महिन्याची रनिंग किती? रनिंग सांगा, गाडी आपोआप ठरते. लांबचा रस्ता असंल, दर हप्त्याला इंदूर-पीथमपूर, तर डोळे झाकून डिझेल. गावातल्या गावात फिरवायची असंल तर डिझेल घेऊच नका. तिला पळायला पाहिजे. उभी राहिली की बिघडते."

मी तर निवांतच होते. दर आठवड्याला पीथमपूर, हे लीलाधरभाऊंनाही ठाऊक होतं. विचारायचं म्हणून विचारलं होतं त्यांनी.

रितेश उतरला. निळीच्या बॉनेटवर त्याने तळहात ठेवला, गाई-बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. म्हणाला, "रनिंग काही नाही भाऊ. गावातल्या गावात. शाळा, बाजार, आईचा दवाखाना. पेट्रोलची काढा."

"पक्कं?"

"पक्कं."

"घे माय, जिंकली तू," सासूबाई मला म्हणाल्या.

"वहिनी, आता मिठाई तुमच्याकडून," लीलाधरभाऊ म्हणाले. चंदनने टाळ्या वाजवल्या, कारण सगळे हसत होते.

मी पण हसत होते बहुतेक. कानात तेवढंच घुमत होतं: गावातल्या गावात. मग शनिवार कुठे गेला? रस्ता तर तेवढाच लांब आहे. खंडवा काही जवळ आलं नाही. रस्ता तोच असताना रनिंग कमी होते ती एकाच रीतीने. माणूस यायचा थांबला म्हणजे.

चारचौघांत काही विचारता आलं नाही. जुनी गाडी लीलाधरभाऊंकडेच सोडली. रितेशने पांढरीची किल्ली माझ्या हातात दिली. "तू चालव."

"मी?"

"तुझीच आहे."

मी चालवत शनवाऱ्यापर्यंत आणली. जुन्या वेशीच्या दरवाज्याजवळ सासूबाई नारळ-लिंबू घ्यायला उतरल्या, चंदन त्यांच्या बोटाला धरून गेला. आम्ही दोघंच राहिलो. रिक्षा जात होत्या, केळीचा एक टेम्पो मागून हॉर्न देत होता. गाडीत मात्र काहीच आवाज नव्हता. मला वाटलं, बंद पडली. घाईने किल्ली फिरवली तर इंजिन कर्रकन ओरडलं.

"चालूच आहे गं," रितेश म्हणाला. "कळत नाही, एवढंच."

"रनिंग कमी कशी झाली?" मी विचारलं.

तो समोर पाहत राहिला. वायपरवर एक वाळकं पान अडकलं होतं, त्याच्याकडे.

"पीथमपूरची आमची लाइन बंद होतेय. होसूरला चाललीय सगळी. तिकडे तामिळनाडूत. ज्यांना यायचं त्यांनी या, म्हणाले."

"कधीपासून?"

"पुढच्या महिन्यात."

"आणि तुम्ही हो म्हणालात?"

"नाही म्हणून काय करू, रंजिता? इथे केळी मोजायला बसू?" मग लगेच आवाज खाली आला. "दोन वर्षं म्हणतात. मग बघू. रेल्वे आहे ना, इथे थांबते. दिवाळीला येईन. होळीला जमलं तर."

"आम्ही?"

"एका खोलीत कारखान्यातले चौघं जण राहणार आम्ही. आणि आई तिकडे येईल? तिला खंडव्यात करमत नाही."

ते खरंच होतं. म्हणून मला जास्त राग आला.

"सांगायचं नाही का मग? महिनाभर भांडतोय आपण. निळी का पांढरी, निळी का पांढरी."

"गाडी घेतल्यावर सांगणार होतो."

"का पण?"

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "आधी सांगितलं असतं, तर तू म्हणाली असतीस, डिझेलच घ्या."

हो, म्हणाले असते. होसूर कुठे आहे, किती लांब आहे, काही न पाहता म्हणाले असते, की तीच घ्या, ती पळते ना, तिच्यात बसून या. त्याला मी इतकी कळत होते. आणि मला त्याचं हे महिनाभर कळलं नव्हतं. तो निळीसाठी भांडत होता तो मला खरा वाटत होता, आणि तो तर तिचा निरोप घेत होता.

"आज एकदा चालवायची होती फक्त," तो म्हणाला. "तुला बसवून."

मी त्याचा हात धरला. गिअरवरच होता. टेम्पोवाल्याने पुन्हा हॉर्न दिला आणि खिडकीतून ओरडला, "अरे मॅडम, गाडी में सो गई क्या?"

"चल," रितेश म्हणाला. "पहिला टाक. क्लच हळू सोड. तुला घाबरत चालवायची सवय नको लागायला."

घरी सासूबाईंनी पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, कुंकवाने बॉनेटवर स्वस्तिक काढलं. त्यांना रितेशने जेवताना सांगितलं. त्यांनी चंदनच्या ताटात आणखी एक पोळी वाढली, त्याची पहिली संपली नव्हती तरी. "दिवाळी काही लांब नाही," म्हणाल्या. बाहेर वैशाखाचं ऊन होतं.

संध्याकाळी मीच त्याला बस स्टँडवर सोडलं. चंदन मागे उभा राहून आमच्या दोघांच्या मधे डोकं घालून होता. रितेशने त्याला सगळं नीट सांगितलं. पप्पांचा कारखाना लांब जाणार, पप्पा रेल्वेने येणार, मग स्टेशनवर मम्मी ही गाडी घेऊन जाणार आणि पप्पांना घरी आणणार. चंदनने ऐकून घेतलं. त्याला रेल्वेचंच कौतुक जास्त होतं. बस निघाली तेव्हा त्याने खूप जोरात हात हलवला.

परत गल्लीत शिरले तेव्हा दिवे लागायची वेळ होती. मी गाडी घराखाली लावली आणि किल्ली काढणार, तेवढ्यात चंदन म्हणाला, "मम्मी, बंद नको करू. चालूच ठेव."

"का रे?"

"ठेव ना. मी वर जाऊन येतो."

तो जिना चढून गेला. दोन-दोन पायऱ्या चढायला पाहतो हल्ली, पाय पुरत नाहीत. मी बसून राहिले. खिडकीत सासूबाईंची सावली हलली. मागांची खटखट थांबलेली होती, लाइट पुन्हा गेली असावी. मी एक्सलेटरवर पाय ठेवला. का, मला ठाऊक नाही. थोडा दाबला, मग आणखी दाबला. गाडी नुसती वाऱ्यासारखी घुमली आणि पुन्हा गप्प झाली.

चंदन खाली आला, हळू, एकेक पायरी. त्याच्या हातात पेला होता आणि पेल्यात चमचा. त्याने तो टाचा उंचावून बॉनेटवर, स्वस्तिकाच्या बाजूला ठेवला, आणि कान जवळ नेला. चमचा उभा होता तसाच उभा राहिला.

त्याने पेला उचलून पोटाशी धरला.

"मम्मी, हिच्यात चमचा वाजतच नाही," तो म्हणाला. "मग पप्पा आले, हे मला कसं कळणार?"