सुई न अडलेली करवत

"अडली," सयाजीआप्पा खाटेवरनं म्हणाला. "परत घास."

"काय अडलं न्हाई. तुमच्या मनात अडलंय," चंद्राकाकी म्हणाली.

"सुई काय माझ्या भावकीतली हाय व्हय, माझ्या बाजूनं बोलाय? घास म्हनलं की घास."

मग काकी पदर खोचून पडवीत जायची आणि कानशीचा किर्र किर्र आवाज पुन्हा सुरू व्हायचा. आमच्या आळीला हे भांडण रोजचं होतं. माझं घर लागूनच, मधे नुसती कुडाची भिंत. मला तर ते अंथरुणात पडल्या पडल्या फुकटात ऐकायला मिळायचं.

माझी वडापची जीप आहे. आमचं गाव मेढ्याच्या वर, डोंगराच्या अंगाला. सकाळी माणसं कोंबून मेढ्याला न्यायची, तिथनं साताऱ्याला, आणि दिवस मावळायच्या आत परत. माणसांबरोबर दुधाच्या किटल्या, कोंबड्या, आजारी म्हाताऱ्या आणि सुतारांच्या करवती असं सगळं मी वाहायचो. करवती सगळ्या आप्पाच्या घरी जाणाऱ्या. महाबळेश्वरला हॉटेलांची कामं करणारे सुतारसुद्धा आपली करवत माझ्याकडं द्यायचे आणि म्हणायचे, सयाजी सुताराकडनं धार लावून आण. मी बोथट करवती वर न्यायचो, धारेच्या खाली आणायचो.

धार लावणं म्हणजे नुसतं घासणं नव्हे, हे मला आप्पानंच शिकवलं. करवतीचा एक दात डावीकडं वाकवलेला असतो, पुढचा उजवीकडं. म्हणजे लाकूड कापताना पातं आत आवळून बसत नाही. सगळे दात एकसारखे घासले आणि एकसारखे वाकवले, तर दातांच्या दोन ओळींच्या मधे बारीक पन्हाळ तयार होते. त्या पन्हाळीत शिवायची सुई ठेवायची आणि करवत मुठीकडनं हळूच उचलायची. सुई मुठीपासनं टोकापर्यंत घसरत गेली पाहिजे. एखादा दात जरी जास्त वाकला असला, तरी ती तिथं थांबते. आप्पाची सुई कधी थांबली नाही. जावळी तालुक्यात सुताराच्या पोरीचं लग्न ठरवायचं झालं तर जावयाच्या हातची सुई बघावी, असं लोक चेष्टेनं म्हणायचे.

त्या माणसाला लकवा मारला. उजवं अंग गेलं, जिभेवरचा ताबा मात्र राहिला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते मी डोळ्यानं पाहिलं. तरणा असताना काकीनं करवत ओलांडली तर हा घर डोक्यावर घ्यायचा, कारण बाईनं सुताराच्या हत्याराला पाय तर सोडाच, हातसुद्धा लावायचा नाही अशी त्यांच्यातली रीत. आणि आता त्यानंच तिच्या हातात तिकोनी कानस दिली. भावकी कुजबुजली. आप्पा म्हणाला, भावकीनं रोजची भाकरी आणून द्यावी, मी बायकोचा हात थांबवतो. भावकी आपापल्या घरला गेली. फक्त खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायला पुतण्या यायचा, तेवढं काकीकडं आलं नाही.

काकी शिकली. पहिल्यांदा बोटं सोलवटली, मग घट्टे पडले, मग हात बसला. सुतार खूश होते, कुणाची तक्रार नव्हती. पण आप्पाचं समाधान होईना. प्रत्येक करवत खाटेपाशी नेऊन त्याला सुई दाखवायची आणि प्रत्येक वेळी ती कुठंतरी केसाएवढी अडायचीच. गिऱ्हाइकाला त्यानं काही फरक पडत नव्हता. आप्पाला पडत होता.

एकदा गाडीत माझ्याशेजारी बसून ती मेढ्याच्या बाजाराला निघाली होती. घाटात धुकं, समोर काही दिसेना, मी गाडी रांगवत होतो. तेव्हा ती आपणहून बोलली. म्हणाली, "मला दागिना नको, लुगडं नको. येकदा म्हनावं त्यांनी, चंद्रे, जमलं तुला. बास. तेवढं कानानं ऐकलं की मी गंगंत न्हाली." मी हसण्यावारी नेलं. तिचं तोंड पाहिलं आणि हसू आवरलं.

पुढं काय झालं, तर मेढ्यात मशीन आलं.

भूपालअण्णा म्हणून सांगलीकडचे एक जैन गृहस्थ, बोलायला गोड, त्यांचं बाजारात हार्डवेअरचं दुकान. त्यांनी करवतीला धार लावायचं मशीन आणून बसवलं. करवत चिमट्यात धरायची, बटण दाबायचं. बारीक चाक एकेक दात घासत जातं, पुढं दोन ठोकळे एका दाताला डावीकडं, पुढच्याला उजवीकडं टोला देत जातात. हातकरवत असो, वखारीतल्या करवतीचा लांब पट्टा असो, चहा पिऊन होईस्तोवर काम हातात. भूपालअण्णांचं मी वाईट बोलणार नाही. त्यांनी धंदा केला, कुणाच्या पोटावर पाय द्यायचा म्हणून केला नाही. आणि सुतारांचं तरी काय चुकलं? अर्धे तर तोवर विजेच्या कटरवर गेलेच होते, उरलेल्यांना काम घाईचं. डोंगर चढून करवत पाठवायची आणि दोन दिवस वाट बघायची, एवढा दम कुणाला आहे?

श्रावण-भादव्यात आमच्याकडं पाऊस असा लागतो की भिंतींना बुरशी येते आणि चुलीतलं लाकूड धुरानंच विझतं. कामं बंदच असतात, त्यामुळं करवती आल्या नाहीत याचं आप्पाला काही वाटलं नाही. पण आश्विन लागला, उघडीप पडली, भात निसवून लोंब्या बाहेर आल्या, गवतावर फुलपाखरं दिसायला लागली. आप्पा रोज विचारायचा, आज कुणाची करवत आली? काकी सांगायची, रस्ता खचलाय. दुसऱ्या दिवशी सांगायची, लाकडाचा तुटवडा हाय. थापा मारून मारून ती दमली. मग आप्पा विचारायचाच बंद झाला, आढ्याकडं बघत पडून राहायला लागला. भाकरी अर्ध्यावर सोडायला लागला.

काकी माझ्याकडं आली. म्हणाली, कुणाची तरी करवत आण, फुकट घासून देते, पण आण. मी सगळ्यांना विचारलं. लालासाहेब म्हणून करहरकडचा सुतार आहे, आप्पाच्या हाताखाली शिकलेला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, "लेका, माझी करवत मी कालच मशीनवनं आणलीया. सकाळी कामावर पायजे. आता ती बोथट करून देऊ का काय?" मग थोड्या वेळानं तीच करवत त्यानं माझ्या हातात ठेवली. म्हणाला, घेऊन जा, आप्पांना नुसती दाखव, दोन दिवस मी कटरवर भागवतो.

मी करवत काकीला दिली आणि खरं ते सांगितलं. तिनं दातांवरनं अंगठा फिरवला. घासलेल्या करवतीला परत कानस लावायची म्हणजे ती बिघडवायची, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. लालासाहेबाची चांगली करवत खराब करून परत द्यायला तिचं मन धजेना.

मग तिनं जे केलं ते मी पडवीच्या कोपऱ्यात उभं राहून पाहिलं. लालासाहेबाची करवत तिनं भिंतीला टेकवून ठेवली. अडगळीतलं एक मोडकं, गंजलेलं पातं दोन फळ्यांत आवळलं आणि त्याच्यावर कानस चालवायला बसली. किर्र किर्र. आत आप्पाला आवाज गेला पाहिजे म्हणून. रोज जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ ती ते मेलेलं पातं घासत राहिली. कपाळावर घाम आला तो खरा होता. मला तिथं उभं राहवेना, पण पायही निघेना.

मग ती लालासाहेबाची करवत घेऊन आत गेली. मी उंबऱ्यात थांबलो. तिनं सुई ठेवली आणि करवत मुठीकडनं उचलली.

सुई घसरली. मधे कुठं रेंगाळलीसुद्धा नाही. टोकावरनं खाली पडली ती आप्पाच्या गोधडीत.

"आणि येकदा," आप्पा म्हणाला.

परत तेच झालं. आप्पानं डावा हात पुढं केला. तिनं करवत त्याच्या हाताखाली धरली. तो एकेका दातावरनं बोट नेत गेला, मुठीपासनं टोकापर्यंत. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मला वाटलं, आता ओळखणार. आयुष्यभर लोखंडाशी बोललेला माणूस, त्याला कळल्याशिवाय राहणार नाही. त्याला कळलं नाही. किंवा त्याला कळून घ्यायचं नव्हतं, देव जाणे.

"चंद्रे," तो म्हणाला, "जमलं गं तुला. माझ्या हातनं बी असं कवा झालं न्हाई."

काकी तशीच करवत धरून उभी.

"मी उगं न्हवतो तुला छळत. पोटाला पोरगा न्हाई. संयोगिता दिल्या घरी सुखी ऱ्हावी, तिच्या दारात जाऊन तू तुकडं मोडायचं न्हाईत. मी गेल्यावर तुला ह्या कानशीवर जगायचंय. सुई अडली की गिऱ्हाईक अडतंय, म्हून तुला शिव्या दिल्या. आता मला घोर न्हाई."

संयोगिता म्हणजे त्यांची एकुलती लेक, शिरवळला दिलेली. जावई तिथल्या एका कारखान्यात कंत्राटावर कामाला, एका खोलीचा संसार.

काकीचा चेहरा मी कधी विसरणार नाही. जो शब्द ऐकायला ती इतकी वर्षं जिवाचं रान करत होती तो तिच्या कानावर पडला होता आणि तो तिचा नव्हता. तिला रडू फुटलं. आप्पाला वाटलं, आनंदानं रडते. तोही रडला. मी बाहेर येऊन उगाच गाडीची काच पुसत बसलो.

चार दिवसांनी खंडेनवमी आली. पुतण्या नेहमीसारखा झेंडूची माळ, हळद-कुंकू घेऊन हत्यारं पुजायला आला. पाटावर रंधा, पटाशा, कानशी, करवती मांडलेल्या. लालासाहेबही आला होता, गुरूच्या पाया पडायला. आप्पानं पुतण्याला थांबवलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, औंदापासनं पूजा चंद्राच्या हातनं होईल. आमच्या घरातलं कुठलंच हत्यार बाईनं पुजलेलं नाही, असं पुतण्या पुटपुटला. आप्पा म्हणाला, "ह्या घरातला सुतार आता तीच हाय. लालासाहेबाला इचारा, त्याची करवत कशी केलीया."

सगळ्यांनी लालासाहेबाकडं पाहिलं. तो बिचारा टोपी हातात घेऊन उभा. म्हणाला, "व्हय आप्पा. अशी धार म्या कवा बघितली न्हाई." खोटं नव्हतं ते, म्हणून तर जास्त लागलं. काकीनं तोंड उघडलं. मला वाटलं, आता ही सगळं सांगून टाकणार. पण आप्पा खाटेवर उशीला टेकून बसला होता, कितीतरी महिन्यांनी असा बसलेला, आणि त्याच्या तोंडावर पोरासारखं हसू होतं. ती खाली वाकली. तिनं कानशीला कुंकू लावलं.

मला वाटलं होतं, आता म्हातारा उभारी धरेल. काकीलाही तेच वाटलं होतं, त्यासाठी तर सगळा खटाटोप. पण झालं उलटंच. आप्पाला जीव धरून ठेवायला तो एक घोरच कामाला येत होता. बायको कशी जगेल, ह्या काळजीनं तो खाटेला चिकटून राहिला होता आणि ती काळजी आम्ही दोघांनी मिळून काढून घेतली. तो शांत झोपायला लागला, भाकरी नको म्हणायला लागला, कुणाची करवत आली हे विचारीना. दिवाळीच्या तोंडावर, भात झोडपायची गडबड चालली असताना, दुपारी चहा मागितला आणि चहा येईस्तोवर गेला.

तेराव्याला तालुक्यातले सुतार आले. प्रत्येकजण काकीला सांगत होता, आप्पा म्हनायचे, चंद्राचा हात माझ्यापरीस चांगला बसला. ती मान हलवायची. एकानंही करवत आणली नव्हती. कुणाच्या तोंडून आपण होऊन मशीनचं नाव निघालं नाही, एवढी माणुसकी मात्र सगळ्यांनी पाळली.

हिवाळा तिनं कसाबसा काढला. दारात बसायची, वाट बघायची. मग एकदा संयोगिता आली आणि म्हणाली, आई, चल. काकीनं चार लुगडी गाठोड्यात बांधली, घराला कडी घातली. कानशी मला दिल्या. मी नको म्हणालो. ती म्हणाली, ठेव, तिकडं एका खोलीत कुठं ठेवू.

मी त्यांना साताऱ्यापर्यंत सोडायला निघालो. मेढ्यात आल्यावर काकी म्हणाली, जरा भूपालअण्णांच्या दुकानाशी थांब. मी कशाला म्हणून विचारलं नाही. थांबलो.

दुकानात मशीन चालू होतं. वखारीचा लांब पट्टा त्याच्यावर चढवलेला. चाक एक दात घासायचं, ठोकळा डावीकडं टोला द्यायचा. पुढचा दात, उजवीकडं टोला. दमणं नाही, चुकणं नाही. काकी पदर सावरून त्याच्यासमोर उभी राहिली आणि बघत राहिली. पट्टा अर्धा झाला तरी ती हलेना. संयोगिता गाडीतनं हाका मारायला लागली.

भूपालअण्णांनी काकीला ओळखलं नाही. त्यांनी तिला आदरानं स्टूल पुढं केलं आणि विचारलं, करवत आणलीय का आजी?

"न्हाई अण्णा," काकी म्हणाली. "आमच्या मालकांनी जाताना ह्या मशीनची धार लय वाखाणली. म्हनलं, येकदा बघून जावं."