तुतीचा कागद

"आजोबा, झाड जिवंत आहे," नगरपालिकेच्या खिडकीपलीकडची मुलगी म्हणाली. "आमच्या नोंदीत तसंच लिहिलंय."

वेलिच्कोने टोपी काढून काउंटरवर ठेवली. आमच्या चौदा नंबरच्या इमारतीचा तो कारभारी. उभा जन्म त्याने बसमध्ये तिकिटं तपासली. फुकट्या प्रवाशाला तो चेहऱ्यावरून ओळखायचा, पण सरकारी कागदापुढे अगदी गरीब गाय.

"अगं पोरी, दोन उन्हाळे आमच्या तुतीला एक पान फुटलं नाही. परवा मांडीएवढी फांदी पडली, बाकापासून वीतभर अंतरावर! कुणी मरायची वाट बघताय का?"

"निरीक्षक बघून गेलेत की, मार्चमध्ये."

"मार्चमध्ये सगळ्याच तुती बोडक्या! त्यातली मेलेली कोणती नि झोपलेली कोणती, कसं कळणार?"

मुलीने संगणक त्याच्याकडे वळवला. फोटोत तुतीच्या खालच्या फांदीला लाल-पांढऱ्या दोऱ्यांचा झुपका लोंबत होता. "या मार्तेनित्सा बघा. पहिली पालवी दिसली की मनगटावरचा दोरा सोडून आपण त्याच झाडाला बांधतो ना? मेलेल्या झाडाला कोण बांधेल? निरीक्षकांनीही तेच लिहिलंय."

वेलिच्कोने टोपी उचलली. निरीक्षकाच्या जागी तो असता, तर त्यानेही तेच लिहिलं असतं.

तो घरी आला तो फणफणतच. मी पहिल्या मजल्याच्या गॅलरीत मिरच्या भाजत होते. "कुठल्या गाढवाने त्या तुतीला दोरे बांधलेत?" त्याने खालूनच विचारलं. मी गुपचूप बाकाकडे बोट दाखवलं.

बाकावर नेदकाआजी मटार सोलत होती. वय चौऱ्याऐंशी. तिच्या पाठीमागे तुतीच्या बुंध्यावर तिच्या नवऱ्याचा, गेंचोचा, कागद चिकटवलेला. आमच्याकडे माणूस गेलं की त्याचा फोटो आणि मजकूर छापून असा कागद दारांवर, खांबांवर, झाडांवर लावतात आणि दर वर्षदिनाला नवा लावतात. गेंचोला जाऊन अकरा वर्षं झाली. त्याचाच काय, आमच्या इमारतीतून गेलेल्या प्रत्येकाचा कागद वेलिच्कोने लिहिलेला. असल्या लिहिण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही.

"काकू, दोरे तुम्ही बांधलेत?"

"मग काय मनगटावर कुजू देऊ? नदीकाठच्या बागेपर्यंत जायला पाय कुठे उरलेत मला?"

"अहो पण झाड मेलंय!"

"मेलं म्हणे! डॉक्टर लागून गेलास तू. गेंचोने लावलंय ते. तोही असाच होता, दहा हाका मारल्याशिवाय उठायचा नाही."

आता हा ओरडणार, असं मला वाटलं. पण वेलिच्को तिच्याशेजारी बसला. मान वर करून त्याने तडकलेली मोठी फांदी बघितली. मग त्याने ताटलीतल्या चार शेंगा उचलल्या आणि सोलायला घेतल्या.

"काकू, तुम्ही रोज इथेच बसता."

"मग?"

"ही फांदी डोक्यात पडली तर तुमचा कागद मला लिहावा लागेल." तो खाली बघतच बोलत होता. "माझ्याने तो लिहवणार नाही हो."

नेदकाआजीने हातातली शेंग सोलली. मग तिने हात ॲप्रनला पुसले आणि मागे वळून एक हात बुंध्यावर ठेवला.

"मग हिचा लिही," ती म्हणाली. "आणि नीट लिही. घरच्यांच्या नावाशिवाय कागद निघत नाही, खाली माझं नाव घाल."

वेलिच्कोने दोन दिवस घेतले. फोटो जुना, तुती पानांनी भरलेली असतानाचा. खाली मजकूर: "आमची तुती, वय एकावन्न, दोन वर्षांपूर्वी आम्हाला सोडून गेली. साऱ्या गल्लीच्या जिभा तिने जांभळ्या केल्या. अंत्यविधी व्हायचा आहे. तो नगरपालिकेच्या हाती. शोकाकुल: नेदका आणि चौदा नंबरचे रहिवासी."

एक कागद बुंध्यावर लागला, एक आमच्या दारावर आणि एक थेट नगरपालिकेच्या दारावर. आमची माणसं मेलेल्याचा कागद न वाचता पुढे जात नाहीत, आणि तो फाडायला तर कुणी धजत नाही, साहेबसुद्धा नाही. दुपारपर्यंत त्या खिडकीशी रांग लागली. जो तो विचारी, "काय हो, मयत कधी आहे?"

पाचव्या दिवशी झाड तोडायला नगरपालिकेची गाडी आली.

दोरे नेदकाआजीने स्वतः सोडले आणि खिशात ठेवले. मग ती पलीकडच्या फुटपाथवर माझा हात धरून उभी राहिली. फांद्या उतरल्या. खोड आतून पार पोकळ निघालं. करवतवाला बुंध्यापाशी आला, गेंचोचा कागद बघून थांबला आणि त्याने यंत्र बंद केलं. हेल्मेट काढून छातीवर क्रूसाची खूण केली. मग पुन्हा यंत्र चालू करून त्याने कागदाच्या वरून आणि खालून अलगद कापलं, आणि कागदासकट तो सालीचा जाड तुकडा बाकावर नेऊन टेकवून ठेवला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी नेदकाआजी मटाराची ताटली घेऊन खाली आली. वेलिच्कोही आला आणि सवयीने तिच्याशेजारी बसायला लागला.

"तिथे नको," ती म्हणाली. "तिकडे सरक. गेंचो बसलाय."

वेलिच्को सरकला. बाकाच्या टोकाला कसाबसा टेकला, आणि त्याने ताटलीतल्या चार शेंगा उचलल्या.