जोत्यातले सहा झरोके

इमारती बांधणाऱ्या कंपनीचा माणूस घर बघायला आला आणि घराकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. अंगणात पावलं मोजली, मग हिल्काच्याच स्वयंपाकघरात, तिचाच वेलचीचा गोड पाव खात, हे पाडून इथे चार जोडघरं उभी राहतील असं सांगितलं. भाव जमिनीचा मिळेल, घराचा नाही. सप्टेंबरअखेरपर्यंत कळवा म्हणाला, आणि जाताना आणखी एक पाव उचलला.

हिल्का चौऱ्याहत्तर वर्षांची. गुडघ्यांनी दगा दिलेला, त्यामुळे लिफ्टवाला फ्लॅट घ्यायचा तर घर विकणं भाग होतं. पण रीहिमॅकी गावातलं हे घर तिच्या वडिलांनी युद्धावरून परतल्यावर स्वतः बांधलेलं, जुन्या फळ्यांतले वाकडे खिळे उपसून, ठोकून सरळ करून. विकायला तिची ना नव्हती. पाडायला होती.

एजंट ओस्कारीने केव्हाच हात वर केले होते. जमिनीच्या फळ्यांखालच्या पोकळीत ओल भरल्याचं तपासनिसाने अहवालात लिहिलं होतं. मेरी आणि तिचा नवरा, दोन लहान मुलांचं जोडपं, घराच्या अगदी प्रेमात होतं; तो अहवाल वाचून त्यांनीही पाय मागे घेतला.

“ओल म्हटली की लोक पळतात, हिल्का. कंपनीला हो म्हणून टाका.”

“सत्तर वर्षं कोरडं होतं ना हे घर? मग आत्ताच काय धाड भरली त्याला?”

हिल्का कॉफीचा कप घेऊन घराभोवती फिरायला निघाली. फळ्यांखाली वारा खेळता राहावा म्हणून जोत्यात सहा झरोके होते. एक मे आला की वडील ते उघडायचे, पहिलं दहिवर पडलं की लावायचे. त्यांच्या मागे तिनेही कधी चुकवलं नाही. गुडघे दुखायला लागल्यावर ते काम भाच्याकडे, तुओमासकडे, गेलं होतं. तिने आंबट लाल फळांची झुडपं बाजूला सारली. झरोक्यात पिवळा, दगडासारखा घट्ट फोम भरलेला होता. सहाच्या सहांत.

फोनवर तुओमास खुशीत होता. “हिवाळ्यात वीज किती महाग होती, आत्या. म्हटलं, दरवर्षीची उघडझाप कशाला? कायमचा बंदोबस्त करून टाकला.”

“घराचा गळा दाबलास, गाढवा,” हिल्का म्हणाली आणि तिला हसूच फुटलं.

तळ्यावरचा बर्फ फोडायची वडिलांची लांब पहार तिने शेडमधून काढली. बटाट्याच्या खोक्यावर बसून एकेक झरोका मोकळा केला, खोकं सरकवत, गुडघ्यांना शिव्या घालत. संध्याकाळी पोकळीतून वारा आरपार वाहिला तेव्हा तिला रडू आलं, आणि डोळे तिने पुसलेही नाहीत.

पाच आठवडे कोरडा वारा लागला. तपासनीस पुन्हा खाली सरपटत गेला, तुळयांत टोच्या खुपसून पाहिला आणि कोपरं झाडत बाहेर आला. ओल उतरली होती, तुळया खणखणीत होत्या. हिल्काने काही लपवलं नाही. मेरी आणि तिच्या नवऱ्याला पुन्हा बोलावून दोन्ही अहवाल टेबलावर ठेवले, शेजारी परातीत फोमचे तुकडे. मेरीने एक तुकडा हातात घेऊन पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्याच दुपारी हिल्काने मागितलेली किंमत त्यांनी कबूल केली.

वारा फिरला हे कंपनीच्या माणसाला कळलं. त्याने जास्त आकडा सांगितला.

“घ्या की,” ओस्कारी कुजबुजला.

“फ्लॅटपुरतं मिळालं मला. त्याला सांग, पाव मात्र फुकट होते,” हिल्का म्हणाली, आणि मेरीच्या कागदावर सही केली.

किल्ल्यांबरोबर तिने ती पहारही मेरीला दिली.

पुढच्या एक मेला, त्या सणाला तिकडे सगळेच घालतात तशी, शाळा संपल्यावर मिळालेली पांढरी टोपी डोक्यावर घालून, काठी टेकत ती त्या गल्लीतून गेली. झुडपांमागे मेरी वाकलेली होती आणि तिची धाकटी मुलगी मोठ्याने मोजत होती. हिल्का कुंपणापाशी थांबली. पोरीने सहा म्हटलं, तेव्हाच ती पुढे निघाली, ताठ मानेने.