दीर्घिकेच्या मध्यावरचं तापमान

विश्वाच्या सत्यापुढे माणसाचं पद, प्रतिष्ठा, नातीगोती सारं तुच्छ आहे. उस्मानपुऱ्याच्या चौकात मात्र मंगळवारीच फ्लेक्स लागला होता : ‘डॉ. विशाखा यांचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक : संघपालकाका व मित्रमंडळ.’ तिची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा शुक्रवारी होती.

बुधवारी विशाखाला चूक सापडली.

सहा वर्षं ती शेजारच्या एका दीर्घिकेच्या मध्यावरचा वायू किती गरम, किती दाट, हे शोधत होती. तिथला कार्बन मोनॉक्साइड दोन तरंगलांबींवर पाहायचा, दोन्हींच्या तेजाचं गुणोत्तर काढायचं, त्यावरून तापमान. दुर्बिणी दोन, एकीची नजर तीक्ष्ण, दुसरीची अंधुक. तुलनेआधी तीक्ष्ण नकाशाही तेवढाच अंधुक करून घ्यावा लागतो. ते राहिलं होतं. म्हणजे एकीनं शहागंजच्या बाजारातली भज्यांची कढई मोजली आणि दुसरीनं अख्खं शहागंज. त्यामुळे वायू एकशे ऐंशी केल्विन निघाला, म्हणजे शून्याखाली त्र्याण्णव अंश. त्या विषयात याला उष्ण म्हणतात. प्रबंधाचं नावच होतं ‘एक अनपेक्षित उष्ण केंद्र’.

मार्गदर्शक राजेंद्रसरांनी आधी केबिनचं दार लावलं. “परीक्षकांनी अहवालात ‘उत्तम’ लिहिलंय. ती दीर्घिका काय तक्रार करायला येणारे?”

“पण सर, त्यांनी विचारलं तर?”

“जेवण कुठं ठेवलंय, ते विचारतील.”

घरी वडील, बन्सी, म्हणाले, “किती लांब हाय म्हन्लीस ते?”

“एक कोटी प्रकाशवर्षं.”

“मग जरा गरम निघालं तर कुनाला चटका बसनार हाय? काकानं मंडप सांगितलाय, बाई.”



शुक्रवारी परीक्षकांनी खरंच काही विचारलं नाही. अभिनंदन करायला ते उठले, तेव्हा विशाखाच म्हणाली, “सर, बसा. आकडा चुकलाय.”

राजेंद्रसर पंख्याकडे बघू लागले.

प्रबंध सहा महिन्यांसाठी दुरुस्तीला परत आला. संघपालकाकांनी फ्लेक्स काढला नाही, ‘डॉ.’वर तेवढा पांढरा कागद चिकटवला. विशाखा लांबच्या रस्त्यानं जाऊ लागली.

मार्चमध्ये दुरुस्त तापमान हाती आलं : बेचाळीस केल्विन. दुसऱ्या एका संशोधकगटानं तोच आकडा चार वर्षांपूर्वी छापला होता.